नवी पिकअप ऑईल पितीय? इंजिन खोलायच्या आधी गेज पुसा

"मामा, वाशीला जाऊन आलो का ऑईल गायब. आणि दुधाला आठ-आठ दिवस फिरवतो तेव्हा गेज जागचं हलत नाही. असं कसं?"

भाच्याचा हा फोन. गेज म्हणजे इंजिनातल्या ऑईलची पातळी बघायची पट्टी. गाडी घेऊन पाच महिने झालेले, किलोमीटर ८,००० च्या पुढे. जिथे सर्व्हिस होते तिथे त्याने दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा एकच उत्तर, "रनिंगमध्ये थोडं खातेच, नॉर्मल आहे." टपरीवर निदान त्याहून झटपट झालं, "रिंगा गेल्या, इंजिन उतरवावं लागणार." रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या, ऑईल वर जाऊ न देणाऱ्या. या दोन्ही ठिकाणी कोणी गेज बाहेर काढून फडक्याने पुसलंसुद्धा नव्हतं.

माझं गॅरेज आळेफाट्याजवळ आहे. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते इथे एकमेकांना कापतात, त्यामुळे टोमॅटोच्या, कांद्याच्या, दुधाच्या, पेंडीच्या अशा सगळ्या पिकअप दारावरून जातात. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हा धुराचा कडक नियम आला, आणि तेव्हापासून "नवी गाडी ऑईल पितीय" ही तक्रार महिन्याला दोन-तीनदा तरी ऐकतो. यातल्या बऱ्याच गाड्यांचं इंजिन निरोगी असतं. काहींचं खरंच बिघडलेलं असतं. काही मात्र मधल्या असतात, इंजिन चांगलं पण सवयी चुकलेल्या. भाच्याची गाडी या मधल्या जातीची निघाली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण हे चार कंपन्यांच्या गाड्यांत पाहिलंय आणि एकीला धरून झोडण्यात अर्थ नाही.

आधी मोजायला बसा

त्याला पहिला प्रश्न विचारला, "गेज कधी बघतोस?"

दुधाच्या दिवशी पहाटे, घरी, गाडी चालू करायच्या आधी. वाशीवरून आला की पंपावर डिझेल भरताना, पंपावरच्या पोराकडून.

अर्धं कोडं इथेच सुटलं. गरम गाडी आत्ताच बंद केली की अर्धा लिटर ऑईल वर हेडमध्ये, टर्बोत (इंजिनात हवा दाबून ढकलणारा पंखा), नळ्यांमध्ये अडकलेलं असतं, ते खाली चेंबरमध्ये उतरायला दहा मिनिटं लागतात. त्यात पंपाची जागा उताराची. गेज इंजिनाच्या ज्या बाजूला असतं ती बाजू वर राहिली की पातळी अजून खाली दिसते. पोरगा म्हणायचा, "दादा, कमी आहे," आणि हा अर्ध्या लिटरचा डबा ओतायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी गेज बघायचं मात्र राहून जायचं, कारण कालच तर भरलंय.

म्हणून माझ्याकडे ऑईलची तक्रार घेऊन कोणी आलं की त्याला आधी एक वही घ्यायला लावतो. जागा एकच ठरवायची, सपाट काँक्रीट असेल ती. आमच्या गावात मंदिरापुढची फरशी सगळ्यात सपाट. वेळ एकच, सकाळी थंड इंजिनावर. गेज काढायचं, पुसायचं, पूर्ण आत घालायचं, पुन्हा काढायचं आणि दोन्ही बाजूंनी बघायचं. एका बाजूला ऑईल वर चढलेलं दिसतं, दुसऱ्या बाजूला खाली. खालचं खरं. शेजारी किलोमीटर लिहायचे आणि मोबाइलवर गेज आणि मीटर दोन्ही एकाच फोटोत यावेत असा फोटो काढायचा. या फोटोचं काम पुढे आहे.

गेजवरच्या दोन खुणांमध्ये किती ऑईल बसतं हे बहुतेकांना माहीत नसतं, आणि त्यावाचून "गेज अर्धं उतरलं" या वाक्याला काही अर्थ नाही. ऑईल बदलताना हे मोजून घ्या. खालच्या खुणेपर्यंत भरा, मग मापाच्या जगने पाव-पाव लिटर ओतत वरच्या खुणेपर्यंत या, प्रत्येक वेळी थोडं थांबून. भाच्याच्या गाडीत हे अंतर १.२ लिटर निघालं. म्हणजे गेज अर्धं उतरलं तर ६०० मिली गेलं.

आता किती गेलं तर किती? मॅन्युअलमध्ये कंपन्या स्वतःला सांभाळून लिहितात. काही मोठ्या कंपन्यांच्या पुस्तकात १,००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत चालेल असं छापलेलं असतं. माझा स्वतःचा हिशोब वेगळा आहे, गॅरेजात बसून बनलेला. रिंगा नीट बसलेलं इंजिन, माल वाहणारी डिझेल पिकअप, १,००० किलोमीटरला १००-१५० मिली गेलं तर मी चहा सांगतो. ३०० गेलं तर बॉनेट उघडतो. ५०० च्या पुढे सतत जात असेल तर बहुतेक वेळा टर्बो किंवा रिंगा. लिटरला १४ चा ॲव्हरेज धरला तर १,००० किलोमीटरला ७१ लिटर डिझेल जळतं, त्यात १०० मिली ऑईल म्हणजे हजारातला दीड भाग. एवढं चांगलं इंजिनही पिऊ शकतं. पिस्टनच्या वरच्या टोकाला जी ओल लागते ती जळणारच.

आणखी एक. गेज वरच्या खुणेपर्यंत भरलं की पहिलं पाव-अर्धा लिटर भराभर जातं आणि मग मधल्या भागात येऊन थांबतं, अशी इंजिनं आहेत. मालकाला रोज वरच्या खुणेवर ऑईल बघायची हौस, तो भरत राहतो, इंजिन ब्रीदरवाटे, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीवाटे, फेकत राहतं. अशा गाडीला दोन खुणांच्या मध्यावर सोडून १,००० किलोमीटर बघा. मी स्वतः पाऊण गेजच्या वर भरत नाही.

गेज वर चढतंय, ही चांगली बातमी नाही

दुसरं अर्धं कोडं गाडी दारात आल्यावर सुटलं. रविवारी सकाळी, थंड गाडी, सपाट जागा. गेज काढलं तर ऑईल वरच्या खुणेच्याही बोटभर वर! "गायब" होणारं ऑईल हे असं. गेज नाकाला लावलं तर डिझेलचा वास. एक थेंब जुन्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर सोडला आणि तासाभराने पाहिला. मधे काळा डाग, त्याभोवती तपकिरी, आणि बाहेर फिकट, तेलकट असं तिसरं कडं. ते बाहेरचं फिकट कडं डिझेलचं.

हे कसं होतं ते नीट सांगतो, कारण जुन्या गाड्यांवर हात बसलेल्या मिस्त्रींनाही हे नवीन आहे. बीएस ६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ आहे, काजळी पकडणारी चाळण. ती भरली की इंजिन स्वतःच ती जाळतं, त्याला रीजनरेशन म्हणतात. जाळायला ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि ती मिळवण्यासाठी बहुतेक इंजिनांत पिस्टन खाली जात असताना उशिराने थोडं जादा डिझेल फवारलं जातं. ते सिलिंडरमध्ये जळण्यासाठी नसतंच, पुढे सायलेन्सरमध्ये जाऊन चाळण तापवण्यासाठी असतं. पण पिस्टन खाली असताना बोरची, म्हणजे सिलिंडरच्या आतली भिंत उघडी असते. त्यातलं काही डिझेल भिंतीला लागतं, रिंगांच्या मागून खाली ओघळतं आणि चेंबरमधल्या ऑईलमध्ये मिसळतं.

रीजनरेशन एकदाच सुरू होऊन पूर्ण झालं तर हे प्रमाण थोडं असतं. आता दुधाची लाईन डोळ्यासमोर आणा. पहाटे पाचला ओतूरच्या पुढच्या वाडीपासून सुरुवात, दर दोन किलोमीटरला संकलन केंद्र, कॅन चढवेपर्यंत गाडी चालूच, एकूण धाव वीस-बावीस किलोमीटर. चाळण तापायला सुरुवात झाली की केंद्र आलं. पुन्हा तापली की डेअरी आली आणि गाडी बंद. रीजनरेशन अर्धवट. दुसऱ्या दिवशी इंजिन पुन्हा प्रयत्न करतं, पुन्हा डिझेल फवारतं. असं आठवडाभर. ऑईल जळत होतं ते जळतच होतं, पण त्याची जागा डिझेल घेत होतं, म्हणून गेज "जागचं हलत नव्हतं".

मग वाशीची खेप. जाऊन-येऊन ३०० किलोमीटरच्या आसपास, इंजिन तासन्‌तास गरम. चाळण स्वच्छ जळते, डिझेल मिसळायचं थांबतं, मिसळलेल्यापैकी काही भाग वाफ होऊन ब्रीदरवाटे निघून जातो. पातळी थोडी खरी होते, आणि त्याच वेळी पंपावर गरम गाडीत, उतारावर गेज बघितलं जातं. भाच्याला वाटतं माळशेज घाटाने ऑईल खाल्लं. घाटाची काही चूक नाही. उलट आमच्याकडून माल भरून घाट उतरायचा असतो, चढायचं असतं परतीला. लोक हे ऐकून चक्रावतात, पण ओतूर वर आहे आणि कल्याण खाली.

ऑईल काढलं आणि मोजलं. सर्व्हिस ५,००० ला झाली तेव्हा फिल्टरसकट ६ लिटर भरलेलं, बिलावर तसं होतं. त्यानंतर भाच्याने ३,१०० किलोमीटरमध्ये अर्ध्या लिटरचे तीन डबे घातले. म्हणजे ७.५ लिटर आत गेलं. बाहेर आलं ६.७. कानाकोपऱ्यात अडकून राहणारं २०० मिली सोडलं तर ६०० मिली गेलं, हिशोब बरा वाटतो. पण नमुना पुण्याला प्रयोगशाळेत पाठवला, त्यात डिझेल ७ टक्के निघालं. ६.७ लिटरमध्ये जवळपास ४७० मिली. म्हणजे खरं ऑईल १ लिटरच्या थोडं वर गेलेलं, १,००० किलोमीटरला ३४५ मिलीच्या घरात. गेज बघून वाटत होतं त्यापेक्षा वेगळीच गोष्ट.

डिझेल मिसळलेलं ऑईल पातळ होतं, बेअरिंगला झिजवतं. आणि पातळी फार वर गेली तर त्याहून वाईट. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) त्यात बुडून फेस करतो, टर्बोतून परत येणारं ऑईल चेंबरमध्ये उतरू शकत नाही, तुंबतं आणि टर्बोच्या सीलमधून हवेच्या नळीत जातं. तिथून इंजिनात. डिझेल इंजिनाला ऑईलसुद्धा इंधन म्हणून चालतं हे विसरू नका. चावी काढली तरी इंजिन पळत राहतं, तो प्रकार एकदा पाहिलाय आणि पुन्हा बघायची इच्छा नाही. म्हणून ऑईल वरच्या खुणेच्या वर गेलं असेल तर गाडी चालवू नका, जिथे आहे तिथेच काढा.

निळा धूर शोधू नका

जुन्या गाडीला ऑईल जळतंय का हे मागे उभं राहून कळायचं. सकाळी चालू केली, निळा भपका आला, झालं. बीएस ६ ला हा धूर बराचसा सायलेन्सरमध्येच अडकतो. धूर नाही म्हणून ऑईल जळत नाही असं समजणारे अजून आहेत.

जळलेलं ऑईल जातं कुठे? त्यातला जळणारा भाग जळतो, पण ऑईलमध्ये जी रसायनं असतात त्यांची राख होते आणि ती चाळणीत बसते. काजळी जाळता येते, राख जळत नाही. म्हणून ऑईल पिणाऱ्या नव्या गाडीत आज ऑईलचा खर्च आहे आणि उद्या डीपीएफचा, आणि तो आकडा ऐकून लोक आधी खुर्ची ओढतात.

इथेच जाड ऑईलचा सल्ला येतो. "वीस-चाळीस टाक, बंद होईल." जुन्या मॅटॅडोरला हे चाललं असतं. तुमच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० आणि कमी राखेचं ऑईल लिहिलं असेल तर तेच टाका. सीजे-४ आणि त्यानंतर आलेल्या सीके-४ या दर्जात राखेवर मर्यादा आहे, तशीच सी३ मध्येही. ड्रममधलं सुटं, जुन्या दर्जाचं ऑईल स्वस्त पडतं, पण राख जास्त. बाटलीत ओतायच्या "ऑईल बंद करणाऱ्या" औषधांबद्दल मला काही म्हणायचं नाही, ती विकणारे माझे मित्र आहेत.

रनिंग: पूजेपासूनच चूक सुरू होते

आता इंजिन १,००० ला ३४५ मिली का जाळत होतं, तिकडे येतो. रनिंग म्हणजे नव्या इंजिनाच्या रिंगा बसेपर्यंतची सुरुवातीची चाल. गाडी घरी कशी आणली ते त्याला विचारलं.

शोरूममधून घरी, मग पूजा. लिंबू चाकाखाली, हार, नारळ, पाहुणे. फोटोसाठी गाडी तासभर जागेवर चालू. नंतर दोन आठवडे "नवी आहे" म्हणून चाळीसच्या वर नाही, तेही टॉप गिअरमध्ये रखडवत, रिकामी. त्यानंतर थेट दुधाची लाईन. पहिले २,००० किलोमीटर या इंजिनाने जोर लावून श्वास घेतलाच नाही.

रिंगा कशा बसतात बघा. बोरच्या आतल्या भिंतीवर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा असतात, होनिंगच्या. रेघांच्या खाचांत ऑईल थांबतं आणि खाचांच्या टोकांवर रिंग घासून स्वतःची जागा करते. नव्या इंजिनांत ही टोकं कारखान्यातच बरीचशी सपाट करून देतात, त्यामुळे पूर्वीसारखं लांबलचक रनिंग लागत नाही. पण उरलेलं काम रस्त्यावरच होतं, आणि रिंगेला भिंतीवर दाबणारी मोठी ताकद तिच्या स्वतःच्या तणावाची नसते. जळलेला वायू रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. इंजिनावर भार असेल तरच तो दाब. जागेवर ठेवलेल्या किंवा रिकाम्या रखडणाऱ्या गाडीत दाब नाही, रिंग सैल, तिच्या वरून ऑईल जातं, भिंतीवर भाजतं आणि त्याचा पापुद्रा खाचांत बसतो. बोर काचेसारखा चकाकतो. मग रिंग घासायला जागाच उरत नाही.

दुसरी टोकाची चूकही तेवढीच. १.७ टनाची पासिंग (कागदावर परवानगी असलेला माल), २० किलोचं टोमॅटोचं क्रेट, क्रेटचं स्वतःचं वजन धरलं तर ७७-७८ भरतात. नारायणगावच्या बाजारातून निघणाऱ्या गाड्या मोजा, ११० च्या खाली क्वचित सापडेल. नवी गाडी पहिल्याच आठवड्यात अशी लादून उसळवली तर रिंग आणि बोर एकमेकांना ओरबाडतात. त्याच्या रेघा उभ्या पडतात, आणि त्या औषधाने भरत नाहीत.

मी स्वतः नवी गाडी पहिले १,००० किलोमीटर अशी चालवायला सांगतो: चालू केली की अर्ध्या-एका मिनिटात निघा, जागेवर गरम करत बसू नका. थंड असताना हळू, तापमानाचा काटा मधे आला की अर्धा माल भरून बाहेर काढा, चाळीसेक क्रेट. वेग एकसारखा धरू नका. तिसऱ्यात जरा दाबा, २,५०० आरपीएमपर्यंत न्या, मग पाय सोडा, पुन्हा दाबा. दाबताना रिंग बसते, सोडताना भिंतीला ऑईल मिळतं आणि घासलेली बारीक पूड धुतली जाते. चढावर टॉपमध्ये गुरगुरू देऊ नका, गिअर उतरवा. माल भरून घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन किंचाळत उतरवू नका, ब्रेक आणि गिअर दोन्ही वापरा. १,००० नंतर पूर्ण माल, पासिंगपुरता. ५,००० ते १०,००० पर्यंत ऑईलचा खप हळूहळू खाली यायला हवा. येत असेल तर इंजिन बसतंय.

पूर्वी मागच्या काचेवर "रनिंग इन" लिहून चाळीसने फिरायचे, मी स्वतः वस्तादाच्या हाताखाली ती अक्षरं रंगवली आहेत. त्या इंजिनांना ते बरोबर होतं.

रिंगा म्हणण्याआधी हे चार हात फिरवा

ब्रीदर. इंजिन जागेवर चालू ठेवून ऑईल भरायचं झाकण काढा आणि तिथे पातळ रबरी हातमोजा ताणून बसवा. मोजा थोडा आत ओढला गेला किंवा लोंबत राहिला तर ठीक. पाचही बोटं ताठ होऊन उभी राहिली तर आत दाब आहे: एकतर रिंगांतून वायू खाली येतोय, नाहीतर ब्रीदरची नळी किंवा तिचा पडदा चोंदलाय. आधी नळी काढून बघा. ते काम स्वस्त आहे.

एअर फिल्टर. भाच्याच्या गाडीत फिल्टर झटकला तर मूठभर माती. दुधाच्या रस्त्यावर डांबर नावापुरतं. फिल्टर गच्च झाला की टर्बो हवा ओढायला धडपडतो, त्याच्या तोंडाशी ओढ वाढते आणि सीलमधून ऑईल ओढलं जातं. सर्व्हिसची तारीख शहरासाठी लिहिलेली असते. धुळीच्या रस्त्यावर तिच्या अर्ध्या अंतराला बघा.

टर्बो. टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरची खालची नळी सोडा. आत तेलाचा हात पुसल्याएवढा थर असतोच, त्याने घाबरू नका. नळी वाकवली आणि ऑईल ओघळून खाली पडलं तर मग टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवा. आडवा किंचित खेळ चालतो, पुढे-मागे खेळ चालत नाही. ऑईल परत जायची नळी दबलेली किंवा चोंदलेली नाही ना, हे टर्बो बदलायच्या आधी बघा. नवे टर्बो उगाच बसवलेले मी पाहिलेत. घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद करू नका, मिनिटभर चालू ठेवा, शाफ्टजवळचं ऑईल तिथल्या तिथे भाजत नाही.

गळती. रात्री इंजिनाखाली खोक्याचा पुठ्ठा पसरा. ड्रेन नटचा वॉशर तोच पुन्हा बसवलेला असतो, किंवा फिल्टर बदलताना जुना रबर चिकटून राहतो आणि त्यावर नवा बसतो. कूलंटच्या डब्यात पांढरट साय दिसली तर ऑईल कूलर बघा.

हे सगळं स्वच्छ निघालं आणि वहीत खप ५०० च्या वर राहिला, तरच लीक-डाऊन. पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये हवा सोडायची आणि कान लावायचा. ऑईलच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर व्हॉल्व्ह. त्यानंतरच हेड उघडायचं.

वॉरंटीत असलेल्या गाडीला हे शेवटचं माझ्याकडे किंवा कोणाकडेही करू नका. वही आणि ते फोटो घेऊन सर्व्हिस सेंटरला जा आणि खपाची चाचणी लेखी मागा: त्यांनी ऑईल भरायचं, नट आणि झाकणावर खूण किंवा सील करायचं, ठरलेल्या किलोमीटरनंतर त्यांनीच मोजायचं. जॉब कार्डवर "ऑईल कमी होते" हे तुमच्या शब्दांत लिहून घ्या, "जनरल चेकअप" असं लिहू देऊ नका. उडवाउडवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. फोटोत मीटर आणि गेज एकत्र का हवं ते आता कळलं असेल.

भाच्याच्या गाडीचं पुढे काय

नवं ऑईल, पुस्तकातलंच, पाऊण गेजपर्यंत. फिल्टर दोन्ही. इंटरकूलरच्या नळ्या धुतल्या. स्कॅनर लावून एक रीजनरेशन उभ्याने पूर्ण करून घेतलं. आणि गाडीचा दिनक्रम बदलला: केंद्रावर कॅन चढवताना गाडी बंद. आठवड्यातून दोनदा दूध टाकून झालं की आळेफाट्यापासून संगमनेरच्या दिशेने अर्धा-पाऊण तास, चौथ्या गिअरमध्ये २,००० ते २,५०० आरपीएमवर. डेअरीत पोचल्यावर जागेवरचा आरपीएम थोडा वाढलेला असेल, पंखा फिरत असेल आणि गरम वास येत असेल तर बंद करायची नाही, रीजनरेशन चालू आहे, तसंच पुढे एक फेरी मारायची. कल्याणहून परतताना पेंड भरून आणायला सुरुवात केली, पासिंगपुरती, म्हणजे घाट चढताना इंजिनाला खरा भार मिळू लागला.

पहिली कुरकुर डिझेलवरून. "मामा, रिकामी फिरवायला डिझेल कोण देणार?" त्याला मागच्या डीपीएफच्या बिलाचा फोटो दाखवला, दुसऱ्या गाडीचा.

वही त्याने शाळेच्या पोरासारखी ठेवली. पहिल्या १,००० किलोमीटरला ३८० मिली, म्हणजे आधी गेजवर दिसत होतं त्यापेक्षा जास्तच. त्याचा चेहरा उतरला, पण डिझेलने झाकलेला खप आता उघडा दिसत होता एवढंच. दुसऱ्या हजाराला २९०. मग २१०, १६०. १३,५०० ला शेवटचं मोजलं तेव्हा १३० मिली. पातळी सकाळी थंड गाडीत दोन खुणांच्या मध्याच्या जरा वर, वर्तमानपत्रावरच्या डागाला बाहेरचं कडं नाही. मागच्या आठवड्यात पंपावरचा पोरगा म्हणाला, "दादा, ऑईल कमी आहे," तेव्हा याने गेज त्याच्या हातातून घेतलं, पुसलं, जागेवर लावलं आणि गाडी घरी आणली.